व्याह्यांसाठी राय

२ नोव्हेंबर, रविवार
मेघाची बैठक पार पडली. पियुष पसंत, मेघाने तर दोन वर्षांपूर्वीच पसंत केला होता. वर्ध्याची मंडळी. होणारे व्याही जितेंद्रराव, निवृत्त इंजिनिअर. थोरला मुलगा अमेरिकेत. विहीणबाई वंदनाताई एकूण चार वाक्यं बोलल्या, चारही हुकूम. जितेंद्ररावांचे वडील रामाजी आजोबा, वय ८६, पंख्याखालीसुद्धा कानटोपी.
चहा घेताना जितेंद्रराव म्हणाले, मुलाकडे गेलो की राय व्हिस्की असते, सावकाश घोट घेत बसावं अशी. मी ताबडतोब म्हणालो, राय ना? आमच्याकडे कायम असते.
तीस वर्षं गांधीबागेत कापड विकतोय. गिऱ्हाईक मागेल त्याला आधी ‘आहे’ म्हणायचं, मग शोधायचं. तोंडातून निघून गेलं.
साखरपुडा ३० तारखेला, आमच्या घरी. जेवणानंतर वरच्या खोलीत दोघांनीच बसायचं. वर्ध्याला दारूबंदी, बिचारे तहानलेले असणार.
संकल्प: महिन्याभरात राय या विषयात पारंगत होणे.

३ नोव्हेंबर
दारूच्या दुकानात गेलो. राय दाखवा म्हणालो. कोणती, म्हणे. चांगली, म्हणालो. त्याने तीन बाटल्या काढल्या, तिन्हींवर राय हा शब्द नाही. मागे रांग. एक जण म्हणाला, काका, जल्दी करा नं, मॅच सुरू होऊन राहिली. सोडा घेऊन बाहेर पडलो. सोडा तरी लागणारच.
परवाना काढायचा आहे. उद्या.

६ नोव्हेंबर
अभ्यास जोरात. राय हे धान्य, गव्हाच्या नात्यातलं. अमेरिकेत निदान ५१ टक्के राय असेल तरच राय म्हणता येतं. मक्याची असते ती बर्बन, गोडसर. राय तिखट, मिरी-लवंगेच्या अंगाची. आता खरी मेख. घोट घेत प्यायची वेगळी आणि कॉकटेलची वेगळी. प्यायची मुरलेली, मऊ. कॉकटेलची कडक, नाहीतर साखर-बर्फात हरवून जाते. म्हणजे साडीसारखंच, नेसायची वेगळी, द्यायची वेगळी. विषय माझ्याच धंद्यातला निघाला.
आमच्या सौ. शोभाने विचारलं, मोबाईलमध्ये काय बघून राहिले जी एवढं? शेती, म्हणालो. खोटं नाही.

९ नोव्हेंबर
मार्ग सापडला. शाळेतला मित्र संघपाल मिहानमध्ये विमान दुरुस्तीत आहे, ट्रेनिंगला सिंगापूरला गेलाय. विमानतळावरून एक बाटली आणीन म्हणाला. एकच. प्यायची की कॉकटेलची? जितेंद्रराव साधे वाटतात, म्हणजे प्यायची. पण इंजिनिअर आहेत, म्हणजे कॉकटेलची.
त्याला चौदा मेसेज केले. शेवटी त्याचा फोन. म्हणे, गोपाळ, मी दुकानात उभा आहो, माझं विमान लागून राहिलं, एक नाव सांग गा. मी म्हणालो, दोन्हीला चालेल अशी. अशी असते! पन्नास टक्के ताकदीची. कॉकटेलमध्ये टिकते, थेंबभर पाणी घातलं की नुसतीही पिता येते. निर्णयक्षमता माझ्यात उपजतच आहे.

१६ नोव्हेंबर
बाटली आली. रंग उत्तम.
शोभा दारूच्या बाटलीला घरात जागा देत नाही. म्हणून दुकानातून डबल ब्लँकेटचा खोका आणला, वर चेन, पुढे प्लास्टिकची खिडकी. खिडकीशी ब्लँकेटचा तुकडा, मागे बाटली. कपाटावर इतर खोक्यांत ठेवला. कापडवाल्याच्या घरात कापडाच्या खोक्याकडे कोण बघणार?
संकल्प: ३० तारखेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

१९ नोव्हेंबर
झाकण उघडलं. न चाखता पाहुण्याला देणं हा अपमान. शोभा भिशीला गेली होती.
ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल करून पाहिलं. साखर, कडू अर्काचे थेंब, राय, संत्र्याची साल. कडू अर्क नागपुरात मिळेना, म्हणून इतवारीतून काडेचिराईत आणून उकळलं. व्हिडिओतला माणूस संत्र्याच्या सालीची रिबन काढतो, पीळ देतो. आपल्या संत्र्याची साल अख्खीच हातात येते. पीळ दिला तर तेल डोळ्यात. एक घोट घेतला. लहानपणी आजी जंतांवर द्यायची तीच चव.
कॉकटेल रद्द. नुसतीच द्यायची. हाही निर्णयच आहे.

२३ नोव्हेंबर
शोभा माहेरी. दुसरी चाचणी. जाणकार लोक प्रत्येक घोटाची टिपणं काढतात, मीही कोऱ्या बिलाच्या पाठीवर काढली. मिरी, लवंग, जुनं लाकूड इथपर्यंत आठवतं. पुढचं उद्या चष्मा लावून वाचीन. कागद बाटलीलाच गुंडाळून खोक्यात ठेवला. बाटली अर्धी दिसते. काचेचा आकारच तसा असावा.

२९ नोव्हेंबर
तयारी पूर्ण. ग्लास दोन, खारे काजू, सोडा. जितेंद्ररावांना काय सांगायचं ते पाठ केलं. एकदा ते वाहवा म्हणाले की मेघा त्या घरात वट राखून राहील. सासरी बापाच्या नावानेच मुलीला मान मिळतो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६
काय लिहू?
साखरपुडा छान झाला. मेघा इतकी सुंदर दिसत होती की मी दोनदा उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. जेवणं झाली. जितेंद्ररावांना खूण केली. ते म्हणाले, उजेडात वर्ध्याला पोहोचायचं आहे. मी म्हणालो, दहा मिनिटं. कपाटापाशी गेलो. कपाटावरच्या खोक्यांत नेमका तोच नाही.
शोभाला विचारलं. म्हणाली, आजोबाले थंडी वाजून राहिली होती, त्याह्यले आहेरात ब्लँकेट देल्लं. वरचंच होतं एक. काहून?
गॅलरीत पळालो. गाडी वळत होती. मागच्या सीटवर रामाजी आजोबा, मांडीवर खोका, दोन्ही हात त्यावर. मला बघून त्यांनी एक हात उचलला. मीही हात हलवला. दुसरं काय करणार?

१ डिसेंबर
परिस्थिती: माझी अर्धी बाटली दारूबंदीच्या जिल्ह्यात, ८६ वर्षांच्या माणसाजवळ, माझ्या हस्ताक्षरासह. संघपालला सांगितलं. तो पाच मिनिटं हसला, मग म्हणाला, टिपणात काय लिहिलं गा? चष्मा लावून वाचायचं राहूनच गेलं होतं. काय लिहिलं?
एक आशा. चांगलं ब्लँकेट लोक वापरत नाहीत, ठेवून देतात. आमच्या घरात १९९८ चं आहे.

३ डिसेंबर
वर्धा किमान तापमान १५.२. फार थंडी म्हणता येणार नाही.
थोडं आठवलं. ‘विहीण तोऱ्यातली’ असं काहीतरी. कदाचित विचार केला असेल, लिहिलं नसेल.

५ डिसेंबर
वर्धा १३.८. मेघाला सहज विचारलं, आजोबा कसे आहेत? म्हणाली, बाबा, तुम्हाला त्यांची एवढी काळजी? पियुषला सांगते, त्याला किती बरं वाटेल.
लग्न मोडलं तर? हिला काय सांगायचं? तुझा बाप ‘आहे’ म्हणाला म्हणून?

८ डिसेंबर
वर्धा ११.१. देवाला दिवा लावला. शोभा म्हणाली, तब्येत बरी आहे नं?
संकल्प: जितेंद्ररावांना फोन करून सगळं सांगायचं. फोन लावला. वंदनाताईंनी उचलला. त्यांचा आवाज ऐकला आणि मी फोन ठेवून दिला.

१० डिसेंबर
वर्धा ९.४. पेपरात शीतलहर.

११ डिसेंबर, सकाळी ९
वर्धा ८.६. साडेसातला वंदनाताईंचा फोन, शोभाच्या मोबाईलवर. पस्तीस मिनिटं. शोभा फक्त हो आणि बरं म्हणत होती. मी तुळशीला तीनदा पाणी घातलं.
फोन ठेवून शोभा समोर बसली. सांगितलं ते असं. काल आजोबा कुडकुडत होते, म्हणून वंदनाताईंनी खोका उघडला. बाटली त्यांनी मोरीत ओतली, वर्ध्यात ती कोणाला देताही येत नाही. जितेंद्ररावांना विचारलं, ही तुमच्यासाठी का? तेव्हा त्यांनी कबूल केलं की ते आयुष्यात प्यालेले नाहीत. खोकल्याच्या औषधानेही डोकं गरगरतं. अमेरिकेत मुलाच्या कपाटात राय बघितली होती. बैठकीत माझ्यासारख्या मोठ्या व्यापाऱ्यावर छाप पाडायला बोलून गेले. साखरपुड्याच्या दिवशी घाईने निघाले ते माझ्याच भीतीने.
मग कागद. वंदनाताईंनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. त्याचा फोटो आता शोभाच्या मोबाईलवर आहे. माझंच अक्षर, पुढे पुढे तिरपं होत गेलेलं.
‘घोट १. मिरी, लवंग. घोट २. जुनं लाकूड. जितेंद्रराव बरा माणूस. घोट ३. विहीण तोऱ्यातली. पण घर तीच चालवते, मेघाला जपेल. घोट ४. पुन्हा मिरी. घोट ५. मेघा गेल्यावर दुकानातून घरी येऊन कोणाला आवाज द्यायचा? घोट ६. मले जमणार नाही.’
वंदनाताईंनी सांगितलंय, तोऱ्यातली हे तीस वर्षांत कोणी तोंडावर म्हणालं नव्हतं, तेव्हा कागद त्या जपून ठेवणार. आणि मेघाला जपतील, काळजी नको. त्यानंतर त्याच रडायला लागल्या, म्हणून फोन ठेवला. शोभाही रडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, भिशीच्या दिवशी घरात काडेचिराईताचा वास काहून येत होता ते आता समजलं.
दाराशी मेघा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, बाबा, मी रोज संध्याकाळी आठला फोन करत जाईन. तुम्ही ताक पीत जा.
बरं, म्हणालो.
आजोबांना अजून थंडी वाजते आहे. आज दुकानातून ब्लँकेट पाठवायचं. शोभाने बजावलंय, खोका ती स्वतः उघडून बघेल, मगच बांधायचा.