पासवर्डसाठी उखाणा

डोंबिवली, मंगळवार, मार्च १९९९

आज नातीचं तोंड पाहिलं! अमेरिकेत झाली, सव्वा महिन्याची आहे. लेकीने फोटो कॉम्प्युटरवर पाठवला, आता दर मंगळवारी एक पाठवणार आहे. ह्यांचा गुडघा धरलेला, म्हणून मी एकटीच नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेले.

तिथली मुलगी म्हणाली, "आजी, पासवर्ड सांगा."

आली का पंचाईत! जावयाने ह्यांचंच नाव पासवर्ड ठेवलंय. चाळीस वर्षांत मी ते नुसतं कधी उच्चारलंय? कसली ही रीत, माझी मलाच कळत नाही. पण नात तर बघायची. मग घेतला उखाणा:

"सातासमुद्रापारची नात आज मी बघणार,
वसंतरावांचं नाव घेते, आता तरी दार उघडणार?"

सगळं दुकान हसलं. मुलगी म्हणाली, "आजी, 'राव' पण टाकू?" टाकलं तर उघडेना. काढल्यावर उघडलं. मेल्या यंत्राला मान द्यायची पद्धतच नाही!

फोटो वरून खाली सावकाश उतरला. आधी जावळ, मग कपाळ, मग नाक. नाक ह्यांचं, अगदी ह्यांचं! कागदावर छापून घरी आणला. हे किती वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, "तुला अवघड जातं, तर पासवर्ड बदलायला सांगू का?"

म्हटलं, "काही नको. पुढच्या मंगळवारचा उखाणा येतायेताच जुळवलाय मी."