कमी डोसचं उत्तर, सात एप्रिलच्या आत

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातावेगळं करणाऱ्या माणसानं ती ठेवावी.
काल दादाकडे गेलो. दादानं सत्तावीस वर्षं वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढले. आता रक्ताचा आजार. त्याच्या मुलीला त्याच कंपनीनं त्याच कामावर घेतलंय, सात एप्रिलला रुजू व्हायचंय. दादा म्हणाला, थोड्या थोड्या किरणांनी माणसाला काय होतं, हेच तू अकरा वर्षं शोधतोयस ना? मग सांग, पोरीला पाठवू की नको? वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं.
म्हटलं, महिनाभरात आकड्यानिशी सांगतो. महिना म्हणजे डोक्यावरून पाणी. माझं आकडेमोडीचं मॉडेल नव्वद टक्के तयार आहे.

४ मार्च
गेल्या वर्षीही नव्वद टक्केच होतं, पण ते असो. उरलेले दहा टक्के म्हणजे आलेखाचा डावीकडचा खालचा कोपरा. किरणांचा मोठा डोस, मोठा धोका, हे शेंबडं पोरही सांगेल. कमी डोसला मात्र ठिपके असे विखुरलेत की रेष कुठूनही न्यावी. साहेब म्हणतात, सरळ शून्यापर्यंत ओढा, सगळे तेच करतात. सगळे करतात ते मी का करू?
संकल्प: रोज चार तास मॉडेल. चहा बंद.

७ मार्च
चहा सुरू. डोकं दुखत होतं.
रेष आज खाली वळली! म्हणजे थोडे किरण तब्येतीला चांगलेच निघाले. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग दादांनाच का नाही मानवले? एका माणसावरून शास्त्र ठरत नसतं, हे तिला समजावलं. ती भांडी लावत राहिली.

१२ मार्च
रेष वर वळली. दोन कामगारांची वयं चुकली होती. चार हजारांत दोघांनी एवढं हलावं! म्हणजे मॉडेल संवेदनशील आहे. गुणच तो.

१६ मार्च, रविवार
दादा दवाखान्यात. रक्त चढवतायत. त्याला बरं वाटावं म्हणून शेजारी बसून माझी पद्धत समजावली. प्रत्येक कामगाराच्या छातीवर बॅज, बॅजमध्ये डोस मोजला जातो, आणि त्या बॅजांचे आकडे मी अकरा वर्षं गोळा केलेत.
दादा हसला. हसता हसता दम लागला. म्हणाला, अरे, बॅज लॉकरमध्ये असायचे. डोस जास्त भरला की माणसाला साइटवरून काढून ऑफिसात बसवायचे, ओव्हरटाइम गेला. म्हणून काम जड असलं की बॅज लॉकरात टांगून जायचं.
सगळेच? सगळेच. तू कधी विचारलं नाहीस, म्हणाला.

१७ मार्च
म्हणजे अकरा वर्षं मी लॉकरांच्या तब्येतीचा अभ्यास केला. लॉकरांना धोका नाही, हे आता छातीठोकपणे सांगता येईल.

त्याच दिवशी, दुपारी
खचायचं कारण नाही. बॅजांच्या आकड्यांना एक गुणक लावायचा: लॉकर-गुणक. साहेबांना सुचवलं. साहेबांनी उठून दार लावलं. म्हणाले, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणणार? आणि हे बाहेर बोलू नका, अहवाल छापून झालेत.
साहेबांकडे दूरदृष्टी नाही.

२० मार्च
दोनशे निवृत्त कामगारांना प्रश्नावली पाठवली. 'आपण बॅज किती टक्के वेळा लॉकरमध्ये ठेवत होता?' आठवड्यात ढीग येईल.

२८ मार्च
उत्तरं तीन. दोघं म्हणतात, कधीच नाही. तिसरं कामगाराच्या बायकोनं लिहिलंय: ते गेले. कशानं, ते लिहिलेलं नाही. पाठपुरावा करावा.
(केला नाही. धीर झाला नाही.)

३१ मार्च
पुतणी ऑफिसात आली. पायात कामाचे नवे बूट, सवय व्हावी म्हणून घालून फिरते म्हणे. काका, काय म्हणतंय तुमचं मॉडेल? मी बरंच काही सांगितलं. ती घड्याळ बघत होती. जाऊ नकोस पोरी, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण कशाच्या आधारावर? मी काही ज्योतिषी नाही. म्हटलं, आठवडा दे.
मला तिच्यासाठी भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही.

४ एप्रिल
दादा घरी आला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ कुणी काढला नाही. बायको म्हणते, दादांनी आकडा मागितलाच कुठं होता? पाठवू की नको, एवढंच विचारलं होतं. तिला शास्त्र कळत नाही.
उद्या फोन करून 'नको' म्हणून टाकतो.

५ एप्रिल
गुणक बदलून पाहिला. थोडक्यात हुकला. उद्या नक्की.

६ एप्रिल
रविवारी आजारी माणसाला त्रास देऊ नये. उद्या सकाळी सातला, ती निघायच्या आत.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.४०
साडेसहाला नवा गुणक सुचला. तो लावून बघण्यात सात वाजून गेले, मग आठ.
साडेनऊला दादाचाच फोन आला. आवाज खोल गेलेला. म्हणाला, पोर गेली कामावर. तिची आई नको नको म्हणत होती, मीच समजूत काढली. म्हटलं, काकानं महिनाभर डोकं घातलंय त्यात. धोका असता तर तो बोलला नसता का?
मग म्हणाला, तू आहेस म्हणून निर्धास्त आहे बघ.
मी हो म्हटलं.