लाल उजेडातलं कपाळ

आई, आज वर्गात मी ते केलं. कपाळावर कुंकू लावलं आणि त्यावर लाल उजेड पाडला. तू असतीस तर उठून दिवाच फोडला असतास, हे माहीत असून केलं. खरं तर माहीत होतं म्हणूनच केलं.

तो सिनेमा तू विसरली नसशील. जुना इटालियन, ब्लॅक अँड व्हाइट. धुकं, तळघर, शवपेट्या आणि शाप लागून डोळ्यांदेखत म्हातारी होणारी सरदारीण. इथे परदेशात, पार्सिपनीच्या घरात कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी तो परत परत लावायचे आणि तू पोळ्या लाटता लाटता बघायचीस. "भुतं बघायला कॉलेज कशाला लागतं गं?" असं म्हणायचीस, पण गॅस बारीक करून माझ्या शेजारी येऊन बसायचीस. नायिका इंग्लंडहून आणलेली, तिला इटालियनचा एक शब्द कळत नव्हता. ती इंग्रजीत बोलायची, नायक इटालियनमध्ये, आणि नंतर दोघांच्याही तोंडी भलत्यांचेच आवाज बसवले, असं मी सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. "म्हणजे आपल्या मंडळाच्या नाटकासारखंच की! तोंड नट हलवतो आणि ऐकू येतो प्रॉम्प्टर."

मग तूच विचारलंस, कॅमेरा हललासुद्धा नाही, मग ही म्हातारी झाली कशी? मी सांगितलं, सुरकुत्या तिच्या चेहऱ्यावर आधीच लाल रंगाने काढलेल्या असतात. लाल उजेडात त्या दिसत नाहीत. उजेड हळूहळू हिरवा केला की काळ्या होऊन वर येतात. तू म्हणालीस, "दाखव." हे नंतर तू कधी कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगते. "दाखव" तू म्हणालीस.

आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटिन पेपर आपण माळ्यावरून काढला, लाल आणि हिरवा. कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवून टीव्हीला जोडला. मी लिपस्टिकने तुझ्या गालांवर रेघा ओढतेय आणि तू म्हणतेयस, "नीट काढ, चांगली हडळ कर मला." टेबललॅम्पपुढे हिरवा कागद धरला तर टीव्हीवर खरोखरच एक जख्ख म्हातारी. तू हसून हसून बेजार. मग लाल कागद धरला. रेघा गेल्या, चेहरा नितळ झाला. "अगंबाई, लग्नातली दिसतेय मी," म्हणालीस आणि पुढच्याच क्षणी तुझा हात कपाळाकडे गेला. रेघांबरोबर कुंकूही गेलं होतं. टीव्हीत तुझं कपाळ पांढरं होतं.

"बंद कर ते. तुझे बाबा अजून घरी यायचेत." एवढंच बोललीस. तोंड धुतलंस, करंडा काढून कुंकू पुन्हा लावलंस आणि बाबांची गाडी ड्राइव्हवेत येईपर्यंत खिडकीतून हलली नाहीस.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. हार्ट अटॅक. बीपीच्या गोळ्या ते विसरायचे आणि त्यावरून तू त्यांच्यावर रोज ओरडायचीस, तरीही भेटायला आलेल्या काकूंसमोर तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "हिने तो दिवा लावला नसता तर..." वाक्य पुरं केलं नाहीस. काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला अजून चांगली लक्षात आहे. मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. उजेडाने माणूस मरत नाही, आई. मला फार राग आला होता तुझा. अजून आहे. तू शेवटपर्यंत ते शब्द मागे घेतले नाहीस, आणि मीही हट्टाने तोच सिनेमा धरून बसले, त्यावरच शिकले. आता पिस्कॅटवेच्या कॉलेजात मुलांना तोच शिकवते. बघ, भुतांवरच माझं घर चालतं.

पण एक गोष्ट मला टोचत होती. सुरकुत्यांची ती युक्ती मी दर वर्षी वर्गात करून दाखवते, आणि दर वर्षी घरून निघताना टिकली काढून ठेवते. गेल्या आठवड्यात इथेच जन्मलेल्या एका मराठी मुलीने विचारलं, "मॅम, कुंकू इज ऑल्सो रेड, राइट? मग ते पण गायब होणार?" मी म्हटलं, "वेळ संपली, नेक्स्ट क्लासमध्ये बघू." गाडीत बसल्यावर स्वतःचीच चीड आली. मानत नाही म्हणते, मग टिकली कशाला काढते?

म्हणून आज तुझा करंडा घेऊन गेले. ती मुलगी म्हणाली, "मॅम, माझ्यावर ट्राय करा ना." मी म्हटलं, "नाही, माझ्यावरच." कुंकू ठसठशीत लावलं, तुझ्यासारखं. लाल उजेड पडला आणि पडद्यावर माझं कपाळ कोरं झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मुद्दाम घाई केली नाही. सगळ्यांना नीट बघू दिलं, मीही बघितलं. मग हिरवा दिवा लावला आणि कुंकू काळंभोर होऊन परत आलं. मी म्हटलं, "सी? ते कुठे गेलंच नव्हतं." हे मी तुला सांगत होते.

हे पत्र कुठे टाकणार, करंड्याखाली घडी करून ठेवीन. फक्त एक कबूल करते. वर्ग सुटल्याबरोबर मी पार्किंग लॉटमध्ये गेले आणि नवऱ्याला जर्सी सिटीच्या ऑफिसात फोन लावला. तीन वेळा त्याने उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. "अगं मीटिंगमध्ये होतो, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जेवलास का?" तो हसायला लागला, आणि तो हसत होता तोवर मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.