शाळेत हसणाऱ्या मुलीस मदतनीस मिळण्याबाबत

प्रति,
मा. विशेष साहाय्य अधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हातास.

विषय : इयत्ता चौथीतील विद्यार्थिनीस, ती शाळेत रडत नसली तरीही, वर्गात मदतनीस व शांत खोलीची सवलत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे नामंजुरीचे पत्र, ज्यात 'सदर विद्यार्थिनी आनंदी दिसून आली' असा शेरा आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सदर विद्यार्थिनीची आई आहे. विद्यार्थिनीस घरी 'मुंगी' म्हणतात. ती लहानपणापासून भिंतीच्या कडेकडेने चालते व समोरून कोणी आले की थांबून त्याला आधी जाऊ देते, म्हणून हे नाव पडले. मुंगीस स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पूर्वीच्या अर्जास जोडले होते. "ही मुलगी भीती लपवते. बाहेर सगळं नीट करते आणि घरी येऊन कोसळते," असे डॉक्टरीणबाईंनी अर्जदारास तोंडी सांगितले होते व प्रमाणपत्रात लिहिलेही होते. लिहिलेले वाचले गेले नसावे असे दिसते.

२. शाळा सुटल्यावर मुंगी अर्जदाराचे बोट धरून घरी येते. वाटेत इस्त्रीवाला भेटतो, वरच्या मजल्यावरच्या काकू भेटतात; त्यांना ती हसून दाखवते. घरात पाऊल पडले की दप्तर खांद्यावर तसेच ठेवून ती बुटांच्या कपाटाशेजारी जमिनीवर आडवी होते. मग कधी किंचाळते, कधी भिंतीवर टाचा आपटते, कधी नुसतीच बाहीचा काठ चावत राहते. गणवेशाच्या बाहीला अर्जदार पट्टीवर पट्टी लावत आली आहे. शाळेच्या स्वच्छतागृहात हात वाळवण्याचे यंत्र आहे, ते एकदम गरजते; तिकडे जावे लागू नये म्हणून मुंगी दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. डबा जसाच्या तसा परत येतो, पण वर्गात ती झाकण उघडून चमचा हलवत बसते, म्हणजे जेवल्यासारखे दिसते. कधी व किती हसायचे हे ती पुढच्या बाकावरच्या मुलीकडे पाहून शिकली आहे. ते हसू ती संध्याकाळी आरशासमोर दुरुस्त करते. हे अर्जदाराने दाराआडून पाहिले आहे.

३. आपल्या कार्यालयाच्या निरीक्षक बाई वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. लिहिता लिहिता त्यांच्या पेन्सिलीचे टोक मोडले, तेव्हा मुंगीने उठून त्यांना स्वतःची पेन्सिल दिली व हसून दाखवले. त्यावरून निरीक्षक बाईंनी 'आनंदी, सहकार्यशील, साहाय्याची गरज दिसून येत नाही' असा अहवाल दिला. त्या दिवशी घरी आल्यावर मुंगी अंधार पडेपर्यंत बोलली नाही. तिची पाठ चोळायला गेलेल्या अर्जदाराचा हात तिने झिडकारला. निरीक्षक बाईंना जे हसू पहिल्या भेटीत फुकट मिळाले, ते अर्जदाराच्या वाट्याला कित्येक महिन्यांत आलेले नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तथापि, तक्रार म्हणून वाचले गेल्यास अर्जदाराची हरकत नाही.

४. आता ज्या बाबीमुळे अर्जदारास सुखाने झोप लागत नाही, ती नमूद करणे भाग आहे. त्याच वर्गात आणखी एक विद्यार्थिनी आहे. तिच्या आईनेच तिला लाडाने 'तोफ' असे नाव ठेवले आहे. तोफ कर्कश ओरडते, दप्तर भिरकावते, मनाविरुद्ध झाले की बाकावर उभी राहते. तिला आपल्या कार्यालयाने निळा कोट घालणारी एक मदतनीस ताई मंजूर केली आहे. नकाशे ठेवायची जुनी खोली तिच्यासाठी रिकामी करून तेथे जाड पडदा व सतरंजी टाकलेली आहे. गोंगाट वाढला की ताई तोफेला तिथे घेऊन जातात, व ती शांत होऊन परत येते.

महोदय, अर्जदाराच्या पोटात दुखते. सकाळी शाळेची वेळ झाली की मुंगीच्याही पोटात दुखते, पण तिचे खरोखरच दुखते. अर्जदारास तोफेच्या ताईंचा हेवा वाटतो, पडद्याचा वाटतो, सतरंजीचा वाटतो. तोफेच्या आईला शाळेच्या फाटकात लोक वाट करून देतात, कोणी खांद्यावर हात ठेवते. अर्जदारास मात्र "तुम्ही नशीबवान हो, किती गुणी पोरगी!" असे ऐकवतात व अर्जदारास "हो ना" म्हणावे लागते. तोफेने एकदा पाण्याची बाटली मारून वर्गाच्या भिंतीचा टवका उडवला आहे. पालकसभा संपल्यावर सगळे बाहेर गेले, तेव्हा अर्जदाराने तो टवका बोटाने चाचपून पाहिला. असा एक टवका मुंगीच्या नावावर असता, तर हा अर्ज करण्याची वेळ आली नसती.

५. अर्जदार स्वतः पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसते. तेथे जो आरडाओरडा करतो त्याचा कागद आधी साहेबांच्या टेबलावर जातो, आणि जी बाई "काही घाई नाही" म्हणून बाकावर टेकते तिच्या घरचा नळ कोरडाच राहतो. अर्जदारास हे पक्के ठाऊक आहे, कारण कागद वर-खाली करणारे हात अर्जदाराचेच आहेत. म्हणून आपल्या कार्यालयास दोष देताना अर्जदाराची जीभ थोडी जड होते. तरीही दोष देत आहे.

६. आपले नामंजुरीचे पत्र आल्यावर अर्जदाराने एक वेडेपणा केला. मुंगीस तिने घरीच ओरडण्याचे शिक्षण देण्याचे ठरवले. जेवणाच्या टेबलाला बाक समजायचे व अर्जदाराला बाई समजायचे, असे ठरले. "नको झालं की बाक ढकलून द्यायचा आणि जोरात ओरडायचं," असे अर्जदाराने सांगितले व स्वतः करूनही दाखवले. आवाज ऐकून वरच्या काकू चौकशीला खाली आल्या. मुंगीने सगळे मन लावून ऐकले, टेबल ढकलून पाहिले, पुन्हा सरळ करून ठेवले. तिला सांगितलेले ती कधीच मोडत नाही; तिचा सगळा घोटाळा तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना वर्गशिक्षिका बाई हसत हसत फाटकापर्यंत आल्या. "काय गोड आहे हो तुमची मुलगी! गणिताच्या तासाला हात वर केला आणि मला विचारते, 'बाई, मी बाक पाडू का?' मी म्हटलं, नको गं बाळा. तर म्हणाली, 'बरं,' आणि बसली खाली."

अर्जदारही हसली. घरी आल्यावर मुंगी जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, बाई नको म्हणाल्या. आता काय करायचं?"

याचे उत्तर आपल्या कार्यालयाकडे असल्यास कळवावे.

७. त्याच आठवड्यात तोफेच्या आईने अर्जदारास फाटकाबाहेर गाठले. अर्जदार एरवी त्यांना टाळते. त्या म्हणाल्या, "आमची तोफ रोज तुमच्या मुलीला त्या खोलीत ओढून न्यायला बघते. म्हणते, तिला पण कान दुखतात. ताई बिचाऱ्या काय करणार? यादीत एकच नाव आहे. मग तुमची लेक पडद्यापर्यंत येते आणि परत फिरते. हसत हसत." त्या पुढे म्हणाल्या, "मला तुमचा फार हेवा वाटतो हो. घरी गेल्यावर किती शांतता असेल तुमच्याकडे!"

अर्जदाराने त्यांच्याकडे पाहून हसून दाखवले. ते हसू नेमके मुंगीचे होते, हे अर्जदाराच्या लक्षात यायला घर गाठावे लागले. त्यानंतर अर्जदाराने त्यांना फोन करून घरच्या शांततेची खरी हकीकत सांगितली. दोघी बराच वेळ बोलल्या. मत्सर मात्र गेलेला नाही, थोडा लाजला आहे इतकेच.

८. पुढे एका सकाळी मुंगी एका पायात मोजा घालून बसली ती दुसरा घालीचना. रडली नाही, ओरडली नाही. "पाय येत नाही," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून ती शाळेत गेलेली नाही. मुंगीचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, ते रोज फोनवर "शाळेत गेली का?" विचारतात व अर्जदार रोज विषय बदलते. अर्जदाराने आपल्या कार्यालयात फोन केला असता, तेथील लिपिकांनी सौजन्याने माहिती दिली की, मदतनीस हवी तर निरीक्षण पुन्हा व्हायला हवे, व निरीक्षण व्हायला मुलगी वर्गात हवी. मदतनीस असल्याखेरीज मुलगी वर्गात येऊ शकत नाही, असे अर्जदाराने निदर्शनास आणले. "ते बरोबर आहे तुमचं, पण मग निरीक्षण कशाचं करायचं?" असे उत्तर मिळाले. मुलगी बरी दिसते म्हणून मदत नाही, आणि आता दिसतच नाही म्हणून मदत नाही. मुंगीने नेमके किती प्रमाणात दिसावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

९. सबब विनंती की, निरीक्षण वर्गात न करता अर्जदाराच्या घरी करण्यात यावे. मुंगीची जागा दाराजवळ असावी. न विचारता उठून शांत खोलीत जाण्याची तिला मुभा असावी, कारण ती विचारणार नाही, आणि विचारलेच तर हसून विचारील. तोफेच्या ताईंवर भार पडणार असल्यास मुंगीसाठी वेगळी मदतनीस द्यावी. तोफेचे काही काढून घेऊन मुंगीस देऊ नये. हे वाक्य लिहिण्यापूर्वी अर्जदाराने ते दोनदा खोडले होते, हेही प्रांजळपणे नमूद करते.

१०. अर्ज येथे संपला होता. परंतु काल जे घडले ते जोडणे आवश्यक वाटते.

वर्गशिक्षिका बाई काल दुपारी न कळवता घरी आल्या. स्कूटरवरून आल्या होत्या, हेल्मेट हातात होते. या बाईंविषयी अर्जदाराच्या मनात फार पूर्वीपासून अढी आहे. मुंगी झोपेतसुद्धा "बाई म्हणाल्या" असे पुटपुटते. तिचे सुंदर अक्षर बाईंसाठी, सरळ पाठ बाईंसाठी, आणि अर्जदारासाठी फक्त उरलेली मुलगी. बाईंचा आवाज ऐकताच, सकाळपासून पलंगाखाली असलेली मुंगी केस नीट करून बाहेर आली. तिने पाणी आणून दिले, बाईंनी विचारलेले पाढे म्हणून दाखवले. बाई खुशीत म्हणाल्या, "अगं, तू तर मस्त आहेस! मग सोमवारी येतेस ना?" मुंगी म्हणाली, "हो बाई."

बाई गेल्या. त्यांची पावले जिन्यात विरतात न विरतात तोच मुंगी उंबऱ्याच्या आत कोसळली. तिने बाहीत दात रोवले व असा आवाज काढला, की अर्जदारास त्याची सवय असूनही अंगावर काटा आला. दार अजून उघडेच होते. बाई हेल्मेट विसरल्या होत्या. ते घ्यायला त्या परत आल्या आणि दारात थिजल्या.

"हे... मी आले म्हणून?"

"तुम्ही गेलात म्हणून," अर्जदार म्हणाली. "तुम्ही असेपर्यंत ती धरून ठेवते."

बाईंनी मुंगीला हात लावला नाही, की समजावले नाही. त्या उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या फरशीवर, चांगल्या साडीनिशी खाली बसल्या. वरच्या काकू येऊन पाहून गेल्या. आवाज हळूहळू कमी झाला. मग मुंगी, बाईंकडे न बघता, जमिनीला गाल लावून म्हणाली, "बाई, मला शाळेत फार भीती वाटते."

महोदय, हे वाक्य तिने अर्जदारास कधीही सांगितलेले नाही. टाचा, किंकाळ्या, ओली बाही हे सारे इतकी वर्षे अर्जदाराने झेलले. त्या बदल्यात निदान हे वाक्य आपल्याला मिळेल, अशी अर्जदाराची समजूत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा अर्जदारास त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटायला हवी होती. अर्जदारास दार लावून घ्यावेसे वाटले. रडणारी मुंगी तरी आजवर केवळ अर्जदाराची होती.

दार लावले नाही. अर्जदार आत जाऊन आणखी एक पेला पाणी घेऊन आली व बाईंच्या शेजारी बसली. बाई आपले लेखी निवेदन या अर्जास जोडत आहेत. मुंगीचे वाक्य त्यात जसेच्या तसे आहे. ते अर्जदारास स्वतःसाठी हवे होते. ते आपल्या कार्यालयात जमा करीत आहे. पोच मिळावी.

आपली, अद्याप नम्र असलेली,
(सही)
मुंगीची आई

दिनांक : १७ जानेवारी

सोबत :
१. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पुन्हा एकदा. दुसरे पान वाचावे.
२. वर्गशिक्षिका बाईंचे निवेदन.
३. शांत खोली दोघींनी वापरण्यास हरकत नसल्याचे तोफेच्या आईचे पत्र. तळाशी तोफेने स्वतःहून मोठ्या अक्षरांत सही केली आहे. ती खोडू नये.