यादीतला सातवा

प्रिय वेंडेल,

फोनवर तू माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितोय. रविवारी सामना संपल्यावर तू म्हणालास, "अकरा डाव मैदानात होतास आणि चेंडूला एकदाही हात लागला नाही. मग गेलास कशाला?" मी फोन ठेवला. ठेवायला नको होता, पण बोललो असतो तर भांडलो असतो.

आमच्या अमेरिकन फुटबॉल संघात रिसीव्हर सहा. लांब पळत जायचं आणि फेकलेला चेंडू झेलायचा. मी सातवा, म्हणजे सराव संघातला. पुढच्या रविवारी समोर येणाऱ्या संघाचा जो नावाजलेला रिसीव्हर असेल, त्याच्या क्रमांकाची जर्सी घालून आठवडाभर त्याच्यासारखं पळायचं, म्हणजे आमच्या बचावाच्या पोरांना त्याची सवय होते. आणि रविवारी साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं. या हंगामात मी असा नऊ जणांच्या चालीनं पळालो. पोरं विचारतात, "कॉर्विन, आज कोण आहेस रे तू?" मीही हसतो. दर वेळी हसू येतंच असं नाही.

गुरुवारी पेटवेचा, आमच्या पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरचा, घोटा मुरगळला. शनिवारी आमचे कोच बूड्रो म्हणाले, उद्या तू संघात. मी आधी आईला फोन केला, मग तुला. रविवारी मध्यंतराच्या जरा आधी आणखी एकाच्या बरगडीला मार बसला आणि माझी पाळी आली. पहिले काही डाव मी नुसता समोरच्याला अडवत होतो. टीव्हीवर ते दिसलंही नसेल.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी आम्ही चार गुणांनी मागे होतो. बूड्रोंनी माझ्या हेल्मेटची जाळी धरून मला जवळ ओढलं. म्हणाले, "चेंडू तुझ्याकडे येणार नाही. येणारच आहे असं समजून पळ."

मी मधून सरळ आत घुसलो. त्यांचा सर्वांत मागचा राखणदार क्षणभर घुटमळला आणि मग माझ्या मागे लागला. मी मान वळवली, हात पुढे केले, अगदी बोटं पसरून. चेंडू गेला उजवीकडे, आमच्या नव्या पोराकडे. त्याच्या वाटेत आता कुणीच उरलं नव्हतं. स्टेडियम त्याच्या नावानं दणाणलं तेव्हा मी पलीकडच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होतो. खरं सांगू? मला आनंद झाला होता.

आणि तेव्हा मला तू आठवलास. कारखान्याच्या शीतगृहातून सुटून तू थेट मक्याच्या शेताच्या कडेला यायचास. बोटं इतकी गारठलेली असायची की चेंडू धड पकडता यायचा नाही, तरी फेकायचास. मधूनच एखादा मुद्दाम हातातच ठेवायचास आणि मी पाय आखडता घेतला की ओरडायचास, "थांबलास का? मी फेकणार नाही असं कुणी सांगितलं?" वेंडेल, असं पळायला मला बूड्रोंनी शिकवलेलं नाही.

सोमवारी सगळ्यांसमोर सामन्याचं चित्रण लावलं. बूड्रोंनी चित्र थांबवलं ते चेंडू झेलणाऱ्यावर नाही, माझ्यावर. म्हणाले, "बघा, हा खोटा पळत नाहीये." तेवढंच, आणि पुढचा डाव लावला. मंगळवारी मला पुन्हा सराव संघात पाठवलं. पेटवे बरा होतोय. मी चिडलो नाही. बुधवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तुझ्या कारखान्यात माल भरायच्या धक्क्यावरची मुकादमाची जागा तू माझ्यासाठी धरून ठेवली आहेस, एक डिसेंबरपर्यंत. त्यासाठी साहेबांपुढे तुला किती वेळा हात जोडावे लागले असतील, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. माझे गुडघे शाबूत असताना मी घरी यावं, एवढंच तुझं म्हणणं आहे. तेही कळतं. पण ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे, ज्याला ती हवी आहे. शुक्रवारी साहेबांना भेट आणि सांग, माझा भाऊ येणार नाही. त्याला काम आहे.

तुझाच धाकटा,
कॉर्विन