आईच्या पडद्यावरचा लाल रंग

रुबेन,

आईला मी फ्लोरेसला माझ्या घरी घेऊन चाललेय. फोन करू नकोस.

आज तिच्या खोलीचा पडदा धुवायला काढला, तर त्यावर लाल भुकटी बसलेली. उशीवरसुद्धा. तू छंद म्हणून बनवतोस त्या चिमुकल्या बसगाड्यांचाच लाल. त्यांना खोक्यात ठेवून रंगाचा स्प्रे मारायला तू खोक्याला पंखा बसवलास आणि त्याचा पाइप सोडलास इमारतीच्या डक्टमध्ये, जिथे आईची एकुलती एक खिडकी उघडते. फिल्टर लावला की पंखा हवा नीट ओढत नाही, म्हणून तोही काढून टाकलास. वर मला कौतुकाने सांगितलंस, "बघ एल्बिरा, माझ्या खोलीत जरासुद्धा वास येत नाही!"

चार महिने खोकतेय ती. डॉक्टरांनी पक्ष्यावर संशय घेतला, तेव्हा तिचा कॅनरी पिंजऱ्यासकट रोसारियोला राहणाऱ्या मावशीकडे तूच देऊन आलास. आई रडायला लागली, तर म्हणालास, "तुझ्या छातीपेक्षा पक्षी मोठा का गं?"

आता जा आणि त्याला परत आण. पण थेट माझ्याकडे आण, या घरात तासभरही ठेवू नकोस. त्याची छाती तर आईच्याहूनही लहान आहे.

एल्बिरा