ठमीची घराणेदार चाल

२ जानेवारी
संकल्प: यंदा ठमीला पिल्लं. पण जबाबदारीने. लोक कुत्र्यांची लग्नं जुळवतात ती शेजारी कुत्रा आयता आहे म्हणून. डोळे बघत नाहीत, हृदय नाही, गुडघे नाहीत. मी तसलं काही करणार नाही. ठमी अस्सल पॉमेरेनियन. तिचे कागद माझ्या डिग्रीपेक्षा वजनदार आहेत. (अतिशयोक्ती झाली का? नाही. दोन्ही काढून पाहिले.) आमची ही म्हणाली, आधी स्वतःचं ब्लडप्रेशर तपासून घे. विषय बदलण्याची जुनी सवय.

११ जानेवारी
स्थळं पाहिली. पहिल्याचा जबडा वाकडा. दुसरा सारखा खोकतो. मालक म्हणाला, पाहुणे आले की खोकतो. लहान जातींत श्वासनलिका कमजोर असते, मी वाचलंय. नकार दिला. मालक भडकला: अहो साहेब, कुत्रा आहे, जावई नाही! हीच ती वृत्ती.
तिसरा पसंत. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा. मी स्वच्छ सांगितलं, गुडघ्यांचा एक्स-रे पाहिल्याशिवाय पुढे बोलणं नाही. बाई म्हणाल्या, काढते. आणि मुलीकडचं काय? मी हसलो.

२५ जानेवारी
केवळ औपचारिकता म्हणून ठमीला डॉक्टरांकडे नेलं. ठमी चार पावलं धावते, मागचा पाय उचलून एक ठमका देते, पुन्हा धावते. नावच त्यावरून ठेवलंय. डॉक्टरबाईंनी गुडघा चाचपला आणि म्हणाल्या, वाटी जागेवरून सरकते. दोन्हीकडे. बहुतेक आईबापांकडून आलंय. पिल्लं अजिबात नकोत, ऑपरेशन करून घ्या.
मी विचारलं, ही तिची ढब असू शकत नाही का? म्हणाल्या, असू शकते ना. वाटी सरकल्यावरची.
डॉक्टर फारच तरुण आहेत. मी पूर्वग्रहाने बोलतोय का, यावर जेवताना प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१ फेब्रुवारी
पुरावा मिळाला! जिथून ठमी घेतली त्या ब्रीडरकडे बायकोला घेऊन गेलो. ठमीची आई पाहिली: ठमका. मावशी पाहिली: ठमका. आजार असता तर एखादीला झाला असता, सगळ्यांना कसा होईल? ही घराण्याची चाल आहे. तसं मोठ्याने म्हटलंही. पिल्लू बघायला एक जोडपं आलं होतं. त्यातली मुलगी विचारत होती, हे लंगडतंय का हो? नवरा म्हणत होता, चल, निघू या. दोघांना बसवून सगळं समजावलं. ब्रीडरने चहा पाजला, वर बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. माणूस जाणकार आहे.
परतताना ही गाडीत अवाक्षर बोलली नाही. पटलं असावं.

९ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंकडे कुत्र्याचा एक्स-रे तयार, हृदयाचा रिपोर्टसुद्धा. ठमीचे रिपोर्ट मागितले. मी म्हटलं, रिपोर्ट कशाला, चालच बघा. बाईंनी चष्मा लावून बघितली. म्हणाल्या, मुलगी गोड आहे, पण जमायचं नाही. गुडघ्यांची अट तुमचीच होती, मी फक्त पाळतेय.
आमच्या मुलीला नकार! शिकलेल्या लोकांत हटवादीपणा फार. छप्पन्न स्थळं पाहीन.

२० फेब्रुवारी
सकाळी फिरताना ठमीने पाय उचलला तो खाली येईना. रस्त्याच्या मधोमध. मागे हॉर्न. ती केकाटली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. उचलून आणली. घरी येईपर्यंत थरथरत होती. थंडीने असेल.
थंडी नव्हती.
हिने पायाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, आता ही थरथरसुद्धा घराण्याचीच का रे?

२२ फेब्रुवारी
ऑपरेशनचं ठरवलं. गुडघ्यांचं, आणि पिल्लं होऊ नयेत म्हणूनचंही. निर्णय सर्वस्वी माझा. हिने डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती, हा योगायोग. माघार वगैरे काही नाही. जबाबदारीने, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

१५ मार्च
ठमीला तपासायला नेलं. सुधारणा उत्तम. आमचा नंबर यायचा होता, इतक्यात दारातून आवाज: अय्या, ते बघ, तेच काका! ब्रीडरकडचं ते जोडपं. मुलीच्या कडेवर पिल्लू. म्हणाली, काका, तुम्ही भेटलात म्हणून धीर झाला, नाहीतर आम्ही परतच निघालो होतो. लस द्यायला आणलंय. आणि मोठी झाली की हिची पिल्लं काढणार आहोत. घराणं पुढे चालायला हवं ना?
पिल्लू खाली सोडलं. चार पावलं धावलं, पाय उचलला, ठमकलं. दोघं कौतुकाने हसले आणि माझ्याकडे बघायला लागले.
ही पण बघत होती.
मी म्हटलं, आमचा नंबर तुम्ही घ्या. आत गेल्यावर लशीआधी गुडघे दाखवा.
का हो काका, काय झालं?
मी बाकावरची पिशवी उचलून त्यांना शेजारी बसायला सांगितलं. उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं.